चिपवर शाईचं बोट

“ताई, आता माझ्याशी बोलू नका,” कांचन म्हणाली. “एक थेंब जास्ती गेला तर शाई बाहेर येईल.”

शिक्षणसंस्थेच्या कचेरीत खिडकीखालच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून आम्ही बसलो होतो. ती काळ्या शाईचं कार्ट्रिज भरत होती. सुई आतल्या स्पंजात अगदी तळापर्यंत नेऊन ती सिरिंज इतकी सावकाश दाबायची, की शाई खाली उतरतेय हे डोळ्यांना कळायचंसुद्धा नाही. कचेरीतले दोन कारकून हातातलं काम सोडून बघायला आले होते.

“ह्या बाई कुठं शिकल्या?” त्यातल्या एकानं मला विचारलं.

“माझ्याकडेच,” मी म्हणाले. ते खरं होतं. पण सहा महिन्यांत ती माझ्यापुढे गेली होती, हेही खरं होतं, आणि ते मी सांगितलं नाही.

ही तेरा सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्याआधी सात वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. गावभर मला ‘भिसे मॅडम’ म्हणून ओळखायचे. पुढे क्लासला पोरं येईनाशी झाली, तेव्हा त्याच खोलीत मी प्रिंटरची कार्ट्रिज भरून द्यायला सुरुवात केली. कांचन आली ती महिला केंद्रातल्या बाईंची चिठ्ठी घेऊन. वय सत्तावीस-अठ्ठावीस. डाव्या हाताचं मनगट जरा वाकडं जुळलेलं होतं. कशानं, ते तिनं पहिल्या दिवशी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिनाभरानं कार्ट्रिज पुसता पुसता आपणच म्हणाली, “गिरणीच्या दांड्यानं.” नवऱ्याची पिठाची गिरणी होती, इथून वीस किलोमीटरवरच्या खेड्यात.

ती निघून आली तेव्हा सासूनं पोरीला दिलं नव्हतं. पूर्वा तिचं नाव, सहा वर्षांची. कांचन दुकानामागच्या खोलीत एकटी राहायची, आणि दर रविवारी गिरणीसमोरच्या शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायची. कधी पोरगी लांबून दिसायची, कधी नाही.

महिला केंद्रातल्या वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “कोर्ट आधी हेच विचारणार, की पोरीला तू कशावर सांभाळणार. तोंडी सांगून भागणार नाही. कायमचं काम आहे असा एखादा कागद आण. तो कागद असेल तर मी समोरच्या वकिलाशी बोलते. ते लोक कोर्टात जायला घाबरतात, पोरगी तशीच देतील.”

कागद मिळायची एकच जागा होती, ही शिक्षणसंस्था. त्यांच्या आठ शाळा आणि ही मुख्य कचेरी, सगळीकडे त्या वर्षी एकाच जातीचे नवे प्रिंटर घेतले होते. दाखले, प्रश्नपत्रिका, निकाल, छपाई भरपूर. नवं कार्ट्रिज विकत घेणं त्यांना परवडत नव्हतं. पण ह्या नव्या कार्ट्रिजना चिप होती.

चिप म्हणजे नखाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर सोनेरी ठिपके. शाई किती उरली हे तिला दिसत नाही. ती नुसती मोजते. इतकी पानं झाली, म्हणजे शाई संपली असं प्रिंटरला सांगते, आणि प्रिंटर थांबतो. मग तुम्ही कार्ट्रिज काठोकाठ भरा, तो मानत नाही. त्यावर बाजारात एक छोटं यंत्र आलं होतं. ते चिपवर टेकवून धरायचं, त्याचा लाल दिवा हिरवा झाला की चिपचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून. हे टेकवणं फार नाजूक काम. जरा तिरकं झालं की चिप कायमची जायची. मी चारातली एक घालवायचे. कांचननं त्या सहा महिन्यांत एकही घालवली नव्हती.

संस्थेचे सचिव अष्टेकर सर शिस्तीचे पण सरळ माणूस. त्यांनी अट घातली होती: कचेरीतल्या प्रिंटरवर आठ दिवस चालवून दाखवा, वर्षाचं काम तुम्हा दोघींच्या नावावर देतो. दोघींच्या, हा शब्द मी मुद्दाम मागून घेतला होता. पत्राचा मसुदा टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडला होता. ‘श्रीमती कांचन भगवान शेळके’ हे नाव त्यात मी स्वतः वाचलं होतं.

सात दिवस एकही पान खराब आलं नाही. तो मंगळवार, आठवा दिवस.

कांचननं भरलेलं कार्ट्रिज टिपकागदावर टेकवलं, चिपला यंत्र लावलं, हिरवा दिवा मला दाखवला आणि कार्ट्रिज प्रिंटरमध्ये सरकवून टक् करून बसवलं. प्रिंटर आवाज करून तयार झाला. एक पान काढून पाहिलं. काळंभोर, स्वच्छ.

“झालं,” ती म्हणाली. तिच्या बोटांना शाई लागली होती. “हात धुऊन येते. सर आले तर मला हाक मारा हं. त्यांनी सही करताना मला तिथं असायचंय.”

ती मागच्या नळावर गेली. कारकून चहाला गेले होते. मी प्रिंटरला जोडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला. प्रिंटरसाठी नवीन अपडेट आलेलं आहे, आता घालायचं का?

सात वर्षं मी पोरांना शिकवत आले होते, की अपडेट आलं की लगेच घ्यायचं, त्यानं मशीन सुधारतं. मी ‘होय’ दाबलं. फार तर तीन मिनिटं लागली. प्रिंटर एकदा बंद होऊन आपोआप चालू झाला. चौकोन निघून गेला. कांचन पदराला हात पुसत आली, तेव्हा मी टेबलावरचे कागद सारखे करत होते.

अष्टेकर सर आले. खुर्ची ओढून प्रिंटरजवळ बसले. “काढा आमच्यासमोर एक पान. मग हे पत्र सही करून तुमच्या हातात.”

कांचननं बटण दाबलं. प्रिंटरनं कागद ओढला नाही. नारिंगी दिवा लागला आणि पडद्यावर आलं: हे कार्ट्रिज ओळखता येत नाही.

“आताच तर चाललं होतं,” कांचन म्हणाली. तिनं कार्ट्रिज काढलं, पुसलं, परत बसवलं. तेच. चिपला पुन्हा यंत्र लावलं, हिरवा दिवा आला, परत बसवलं. तेच. भरलेली आणखी दोन कार्ट्रिज आमच्याकडे होती. तीही घातली. नारिंगी दिवा विझेना.

मला कारण कळलं नव्हतं, पण त्या तीन मिनिटांत मी काहीतरी केलं होतं एवढं कळलं होतं.

“मधे कुणी काही बदललं का? काही छेडछाड?” सरांनी विचारलं. ते कांचनकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. कॉम्प्युटरमधलं कळणारी मीच होते ना.

“नाही सर,” मी म्हणाले.

कांचननं स्वतःची बोटं पाहिली. नखांच्या कडेला अजून शाई होती. “सर, माझ्याकडूनच झालं असेल,” ती म्हणाली. “बसवताना चिपला शाईचं बोट लागलं असणार. त्यामुळं आतली जागाही खराब झाली असेल. मशीनची चूक नाही. मी उद्यापर्यंत साफ करून देते.”

“अहो, पण शाळेतली मशीन अशी बंद पडली तर?” सर म्हणाले. त्यांचा आवाज वाढला नव्हता. “निकालाच्या दिवसांत मी मुख्याध्यापकांना काय सांगू? बघा तुम्ही. उद्या दुपारपर्यंत चालू झालं तर ठीक. नाहीतर मला कंपनीच्या डीलरला बोलवावं लागेल.” पत्र त्यांनी फायलीत घातलं.

कांचन तिथंच बसली. स्पिरिट, कापूस, खोडरबर, सगळं काढलं तिनं. प्रिंटरच्या आतले पितळी काटे एकेक करून पुसत होती. मी म्हणाले, “मी दुकानात जाऊन येते, कुणीतरी यायचंय.” तिनं मान हलवली, वर पाहिलं नाही.

दुकानात खरंच कुणीतरी यायचं होतं. इरफान प्रिंटर दुरुस्त करायचा, आमच्याकडून शाई न्यायचा. मी त्याला आडून विचारलं, “चांगलं चाललेलं कार्ट्रिज मशीन एकदम ओळखेनासं झालं तर काय झालेलं असतं रे?”

तो हसला. “अपडेट मारलं ना कुणीतरी? मॅडम, ह्या महिन्यात पाचवी मशीन आहे ही. ते अपडेट काय सुधारायला नाही पाठवत. एकदा संपलेलं कार्ट्रिज मशीननं लक्षात ठेवायचं आणि परत घ्यायचं नाही, एवढ्यासाठी पाठवतात. मग चिपला काहीही करा.”

“मागे नेता येत नाही?”

“नाही. ती मशीन गेली आपल्या कामातून. पण एकच आहे ना? बाकीच्या शाळांतल्या मशीन इंटरनेटला जोडू नका म्हणावं. अपडेट विचारलं की ‘नाही’ दाबायचं. वर्षभर मस्त चालतील. जाऊन सांगा सरांना, त्यात काय.”

त्यात काय. मी तशीच उठले. भर दुपारी संस्थेच्या दारापर्यंत गेले. सर मीटिंगमध्ये होते. बाहेरच्या बाकावर बसले. मनात वाक्य जुळवत होते: सर, मगाशी मी नाही म्हणाले, पण अपडेट मीच घातलं. मग सर म्हणतील, मग तेव्हा खोटं का बोललात? आणि भिसे मॅडमना एवढंही कळत नाही का? बाकाच्या समोरच भिंतीवर संस्थेच्या गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो होते. त्यातले दोघे माझ्या क्लासला येऊन गेलेले. आतल्या खोलीत कांचन अजून प्रिंटर पुसत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

शिपाई म्हणाला, “नाव सांगू का आत?”

“नको,” मी म्हणाले. “उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून दुकानात बसून राहिले. कांचन एकटी गेली. दुपारी परत आली तेव्हा तिच्या हातात आमची पिशवी होती, सिरिंज, शाईच्या बाटल्या आणि ते यंत्र असलेली.

“डीलरला दिलं काम,” ती म्हणाली. “सर वाईट बोलले नाहीत. तुमचा हात चांगला आहे म्हणाले, पण आम्हाला धोका घेता येत नाही म्हणाले.”

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तीच आधी म्हणाली, “ताई, मी तुमचं नाव घालवलं. एवढ्या वर्षांचं तुमचं नाव.”

“असं काही नाही गं,” मी म्हणाले. बस्, एवढंच.

गुरुवारी ती वकीलबाईंकडे जाऊन आली. मी दुकानातच होते. आल्यावर तिनं खाली बसून सगळ्या सुया गरम पाण्यात टाकल्या, एकेक धुऊन फडक्यावर वाळत घातली. बाटल्यांची तोंडं पुसली. मला वाटलं, कामाला लागली.

“काय म्हणाल्या वकीलबाई?”

“कागद नसेल तर केस लांबेल म्हणाल्या. दोन वर्षं, तीन वर्षं. पोरगी तोवर आजीकडे.” तिनं फडकं पिळलं. “मी जाते ताई परत. पूर्वाला इकडं आणता येत नाही, तर मी तिकडं जाते.”

“वेडी आहेस का तू? तुझं मनगट बघ.”

“माझंच बघत बसू का? गेल्या रविवारी दिसली ती. केस कापून टाकलेत तिचे, उवा झाल्या म्हणून. मला बघून घरात पळाली. ताई, ती मला घाबरून पळाली. तिला माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल?”

“थोडं थांब. दुसरं काम बघू. मी बोलते कुणाशी तरी.”

“तुम्ही खूप केलंत. मला एकच संधी होती, ती मी माझ्या हातानं घालवली. आता दुसऱ्या कुणाला कशाला दोष देऊ?”

त्या क्षणी बोलले असते तर तिला घेऊन सरांकडे जाता आलं असतं. डीलरचा करार सोमवारी व्हायचा होता, हे मला माहीत होतं. ती पिशवी भरत होती: दोन साड्या, एक डबा, पूर्वासाठी घेतलेली रंगपेटी. मी ती पिशवी धरून उभी राहिले आणि तिनं त्यात सामान टाकलं. मग स्टँडवर सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतून तिनं माझा हात धरला. “रागावला नाहीत ना माझ्यावर?” तिनं विचारलं. मी मान हलवली. गाडी सुटली.

त्यानंतर तिची बातमी तुटक तुटक यायची. एकदा महिला केंद्रातल्या बाई म्हणाल्या, दवाखान्यात होती म्हणे. मी जायचं ठरवलं आणि गेले नाही. दुकान मी दिवाळीआधी बंद केलं. पुढे दाखले, आधार, अर्ज भरून द्यायचं केंद्र घेतलं. ते अजून चालू आहे.

पाच वर्षांनी, जून महिन्यातल्या एका सकाळी, रांगेत कांचन उभी होती. मी आधी तिला ओळखलंच नाही. पुढचे दोन दात नव्हते. ती बोलताना ओठांवर पदर धरायची. शेजारी अकरा वर्षांची उंच पोरगी, जातीच्या दाखल्याचे कागद छातीशी धरून.

“पूर्वा, ह्या भिसे मॅडम,” कांचन म्हणाली. “मी सांगते ना तुला, त्या ह्याच. पाया पड.”

पोरगी वाकली. मी तिला मधेच उठवलं. केंद्रातल्या बाकीच्या लोकांना मी थांबायला सांगितलं आणि दोघींना आतल्या बाजूला बसवलं. अर्ज भरला. कांचन इकडंतिकडं बघत होती. तिची नजर माझ्या प्रिंटरवर थांबली. नवीन पद्धतीचा होता तो, बाजूला शाईच्या चार टाक्या, बाटली उपडी करून भरायच्या.

“हे काय? ह्याला कार्ट्रिज नाही?”

“नाही. आता कंपनीच बाटली देते. आपण ओतायची.”

“कंपनीच सांगते भरा म्हणून?” ती हसली, पदर धरायचं विसरली. “आणि चिप?”

“ह्याला चिप नाही.”

तिनं एका टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग पूर्वाला म्हणाली, “बघ. हे काम यायचं मला. मॅडमपेक्षा चांगलं यायचं. एका दिवशी माझ्याकडून चूक झाली. शाईचं बोट लागलं चिपला, सगळं काम गेलं. म्हणून तुला सांगते, कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी हात स्वच्छ पाहिजे.”

पोरगी मान हलवत ऐकत होती. ही गोष्ट तिनं आधी बऱ्याचदा ऐकलेली असावी. मला ते सहन झालं नाही. पाच वर्षांत जे जमलं नाही ते तिथं, लोक बाहेर ताटकळत असताना, मी बोलून टाकलं.

“कांचन, तुझ्या बोटानं काही झालं नव्हतं.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. चौकोन आला होता, मी ‘होय’ दाबलं. इरफाननं त्याच दुपारी कारण सांगितलं. बाकीची आठ मशीन चालली असती. मी सरांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सांगताना मला रडू आलं. तिला आलं नाही.

“तेव्हा सांगितलं असतंत तर पत्र मिळालं असतं?” तिनं विचारलं.

“बहुतेक मिळालं असतं.”

“गुरुवारी सांगितलं असतंत तरी?”

“हो.”

पूर्वा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. कांचननं तिला म्हटलं, “जा, बाहेर पाणी पिऊन ये.” ती गेल्यावर मी म्हणाले, “मला शिव्या दे. काहीही बोल.”

“शिव्या देऊन काय करू?” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाव विचारल्यासारखा. “ताई, तुम्ही हे सांगायला नको होतं.”

“तुला खरं कळायला हवं होतं.”

“कशाला? त्यानं मारलं की मी म्हणायचे, इथं मी माझ्या चुकीनं आलेय, भोगलं पाहिजे. दात पडले तेव्हाही तेच म्हणाले. ह्याच समजुतीवर तर निभावत होतं माझं.” ती माझ्याकडे बघत होती. उत्तर हवं होतं तिला, खरोखरच. “आता काय म्हणू मी? सांगा की. आज संध्याकाळी घरी गेल्यावर काय म्हणू?”

पूर्वा परत आली, ओठ पुसत. कांचन उठली, अर्जाची पोचपावती घेतली, तिच्यावरचं पोरीचं नाव बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं आणि बरोबर आहे म्हणाली. दाखला पंधरा दिवसांनी मिळणार होता.

तो न्यायला पूर्वा एकटीच आली.